खुर्चीची मुदत परत आणा : आशियाई फुटबॉल महासंघाला एका प्रशिक्षकाचं खुलं पत्र

प्रति,
शेख सलमान बिन इब्राहिम अल खलिफा, अध्यक्ष,
तसेच उपाध्यक्ष, कार्यकारिणी सदस्य आणि 47 सदस्य संघटनांचे प्रतिनिधी,
आशियाई फुटबॉल महासंघ (एएफसी), क्वालालंपूर

सादर नमस्कार.

मे 2024 मध्ये बँकॉकला भरलेल्या अधिवेशनात आपण सर्वांनी मिळून महासंघाच्या घटनेतली एक मर्यादा काढून टाकली. अध्यक्ष आणि कार्यकारिणीच्या सदस्यांनी चार-चार वर्षांच्या तीन मुदतींपेक्षा जास्त काळ पदावर राहू नये, अशी ती मर्यादा होती. ती राहिली असती तर, अध्यक्ष महोदय, 2027 मध्ये आपल्याला पद सोडावं लागलं असतं. आता कुणालाच कधीही सोडावं लागणार नाही. हा निर्णय मला मान्य नाही. तो का मान्य नाही हे आपल्याला सांगायचं आहे, आणि आमच्याकडच्या फुटबॉलवाल्यांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

मी कोल्हापूरची. आमच्याकडं फुटबॉल पेठेपेठेत आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही आमच्या संघांची नावं. शाहू स्टेडियमवर लीगची मोठी मॅच असली की पेठाच्या पेठा तिकडं लोटतात. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव इथलाच. मी मुलींना शिकवते. त्यातल्या बऱ्याच जणी आसपासच्या गावांतून एसटीनं येतात, प्रॅक्टिस संपवून अंधार पडायच्या आत घरी पोचायची घाई करतात. त्यांचे आईवडील मला एकच गोष्ट विचारतात, "मॅडम, ह्यातनं पुढं काय?" मी जिल्ह्याचा संघ सांगते, राज्याचा सांगते, भारताची निळी जर्सी सांगते. त्यापुढचं सगळं आपल्या हातात आहे. म्हणून आपल्या खुर्चीवर कोण बसतं आणि किती वर्षं बसतं, हा माझ्या मुलींचा प्रश्न आहे.

जानेवारी 2022 मध्ये ते 'पुढचं' आमच्या राज्यात चालून आलं होतं. महिलांचा आशियाई चषक महाराष्ट्रात झाला : अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरीना, नेरूळचं डी. वाय. पाटील आणि पुण्याची बालेवाडी. बारा संघ होते, भारत यजमान होता. उपांत्यपूर्व फेरी गाठली असती, तर 2023 चा विश्वचषक एका विजयावर आला असता. 20 जानेवारीला इराणशी 0-0 बरोबरी झाली. 23 तारखेला चायनीज तैपेईशी, म्हणजे तैवानशी, सामना होता. तो झालाच नाही. आमच्या बारा खेळाडू कोविडच्या चाचणीत पॉझिटिव्ह निघाल्या आणि नियमाला लागणाऱ्या तेरा जणी उभ्या राहिल्या नाहीत. महासंघानं आपल्या कोविड नियमांवर बोट ठेवून भारतानं स्पर्धेतून माघार घेतल्याचं जाहीर केलं आणि यजमान संघ एका सामन्यानंतर घरी गेला.

नियम लिहिलेला होता हे मला मान्य आहे. तो लिहिला कुणी, हे मी विचारते आहे. तो लिहिताना एकाही खेळाडूला विचारलं होतं का? सामना दोन-चार दिवस पुढं ढकलायची साधी तरतूद त्यात का नव्हती? खेळाडू महासंघाच्या बबलमध्ये, म्हणजे बाहेरच्यांशी संपर्क तोडून, ठरवून दिलेल्या हॉटेलात राहत होत्या. त्या हॉटेलातल्या कर्मचाऱ्यांच्या चाचण्या कशा आणि कधी झाल्या, ह्याबद्दल आमचे तेव्हाचे प्रशिक्षक थॉमस डेनेरबी यांनी जाहीरपणे प्रश्न उपस्थित केले होते. त्या प्रश्नांचं काय झालं? खेळाडूंना समोर बसवून कुणी समजावून सांगितलं, दोन शब्द दिलगिरीचे बोललं, असं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

ह्यातली आणखी एक गोष्ट भारतात फारशी कुणी बोलली नाही. भारत बाहेर गेल्यावर इराणशी झालेला सामनाही रद्द धरला गेला. इराणच्या मुलींचा तो पहिलाच आशियाई चषक. पुढं त्या चीनकडून सात गोलांनी आणि तैपेईकडून पाच गोलांनी हरल्या. म्हणजे त्या स्पर्धेत त्यांनी कमावलेला एकुलता एक गुण भारताविरुद्धचा होता, आणि तो त्यांचा काही दोष नसताना कागदावरून पुसला गेला. ज्या देशात बायकांना स्टेडियममध्ये पाऊल टाकण्यासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं, तिथून त्या खेळायला आल्या होत्या. मला आमच्या मुलींइतकंच त्यांचंही वाईट वाटतं.

स्पर्धा मात्र थांबली नाही. बालेवाडीत फिलिपिन्सनं तैपेईला पेनल्टींवर हरवलं आणि पहिल्यांदा विश्वचषक गाठला. त्या मुलींचं रडणं-नाचणं बघून मलाही भरून आलं. अंतिम सामन्यात चीननं दोन गोलांनी मागं पडून दक्षिण कोरियाला 3-2 हरवलं. महिला फुटबॉलमध्ये किती ताकद आहे, हे त्या तीन आठवड्यांत दिसलं. आणि त्याच स्पर्धेत महासंघानं महिलांसाठी पहिल्यांदाच बक्षिसाची रक्कम ठेवली होती : सगळ्या संघांत मिळून 18 लाख डॉलर. पुरुषांच्या आशियाई चषकाला 2019 पासूनच 1 कोटी 48 लाख डॉलर आहेत.

आता आपल्या खुर्चीच्या इतिहासाकडं येते, कारण वरच्या गोष्टीचं मूळ मला तिथं दिसतं.

8 मे 1954 ला मनिलात महासंघ स्थापन झाला, तेव्हाच्या बारा संस्थापकांत भारत होता. तो काळ आमचाही होता. 1951 आणि 1962 च्या एशियाडचं सुवर्ण आमचं, 1964 च्या आशियाई चषकाचं उपविजेतेपद आमचं. 1958 मध्ये टुंकू अब्दुल रहमान अध्यक्ष झाले. मलेशियाचे पंतप्रधान असताना ते महासंघही चालवत होते, आणि 1977 पर्यंत, एकोणीस वर्षं, ते त्या पदावर राहिले. त्यांच्याविषयी मला आदर आहे. 1959 मध्ये आशियाई युवा स्पर्धा सुरू झाली ती त्यांच्या कारकिर्दीत. 1974 मध्ये भारत इराणसोबत तिचा संयुक्त विजेता ठरला होता. मधे थोडा काळ इराणचे कंबिझ अताबाय, मग हमझा अबू समाह सोळा वर्षं, मग पहांगचे सुलतान अहमद शाह 2002 पर्यंत. पीटर वेलप्पन तर 1978 ते 2007 सरचिटणीस होते. म्हणजे एकदा बसलं की उठायचं नाही, हे वळण जुनंच आहे. तेव्हा खेळात आजच्याइतका पैसा नव्हता, त्यामुळं त्याचे दुष्परिणाम कमी दिसले असतील.

पैसा आला आणि ते दिसले. 2002 मध्ये कतारचे मोहम्मद बिन हम्माम अध्यक्ष झाले. त्यांनी काम केलंच नाही असं मी म्हणणार नाही. क्लबांची चॅम्पियन्स लीग त्यांच्या काळात उभी राहिली, ऑस्ट्रेलिया आशियात आला. पण 2011 मध्ये फिफाच्या अध्यक्षपदासाठी उभे असताना कॅरिबियन मतदारांना पैशांची पाकिटं वाटल्याच्या आरोपावरून त्यांच्यावर आजन्म बंदी आली. 2012 मध्ये खेळांतले तंटे सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं पुराव्याअभावी ती उठवली, मात्र त्यांना निर्दोषही म्हटलं नाही. त्याच वर्षाच्या शेवटी दुसऱ्या प्रकरणात फिफानं त्यांच्यावर पुन्हा आजन्म बंदी घातली. चीनचे झांग जिलाँग यांनी मधली दोन वर्षं गाडा ओढला. 2 मे 2013 ला क्वालालंपूरमध्ये तीन उमेदवारांतून आपण पहिल्याच फेरीत 33 मतांनी निवडून आलात.

अध्यक्ष महोदय, त्याच्याही आधीची एक निवडणूक आपल्याला आठवत असेलच. मे 2009. फिफाच्या कार्यकारिणीतल्या जागेसाठी आपण खुद्द बिन हम्माम यांच्याविरुद्ध उभे राहिलात. ते पदावरचे अध्यक्ष, सगळी यंत्रणा त्यांच्या हाताशी. तरी त्यांना 23 मतं पडली आणि आपल्याला 21. दोन मतांनी आपण हरलात. बसलेल्या माणसाला आव्हान देणं किती अवघड असतं, हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? आणि फेब्रुवारी 2016 मध्ये झुरिकला आपण फिफाच्या अध्यक्षपदासाठी लढलात, इन्फान्टिनो यांच्याविरुद्ध 115-88 असे हरलात. त्याच दिवशी, त्याच सभागृहात, फिफानं बारा वर्षांची कमाल मर्यादा स्वीकारली होती. फिफाचे आधीचे अध्यक्ष ब्लाटर यांच्या काळातले भ्रष्टाचाराचे घोटाळे परत होऊ नयेत म्हणून.

त्या दोन्ही वेळा आपण समोरून लढलात, आकडे जाहीर झाले, हार झाली. ते योग्य होतं. पण आपण अध्यक्ष झाल्यापासून 2015, 2019 आणि 2023 अशा तिन्ही निवडणुका बिनविरोध झाल्या. 2019 मध्ये दोन प्रतिस्पर्धी उमेदवार होते. मतदानाआधी दोघांनीही नावं मागं घेतली. 47 देश, जगाची निम्म्याहून जास्त लोकसंख्या, आणि तीन निवडणुकांत दुसरं नाव मतपत्रिकेवर टिकत नाही. अशा ठिकाणी मुदतीची मर्यादा हेच एक दार उघडं राहतं, ज्यातून नवं माणूस कुणाशी वैर न घेता आत येऊ शकतं. बँकॉकमध्ये आपण तेच बंद केलंत.

युरोपीय महासंघानंही त्याच वर्षी असाच काहीसा बदल केला, असं आपले समर्थक सांगतील. केला. पण त्याआधी तिथल्या फुटबॉल विभागाचे प्रमुख झ्वोनिमिर बोबान यांनी विरोध म्हणून राजीनामा दिला, आणि इंग्लंडच्या संघटनेनं विरोधात मत दिलं. आशियात असं उघडपणे 'नाही' म्हणणारं कोण आहे? मी शोधते आहे, मला सापडलेलं नाही.

आशियाला ठाम उभं राहता येत नाही असं नाही. 1999 मध्ये विश्वचषकातल्या जागा वाढवून मिळाव्यात म्हणून सुलतान अहमद शाह यांच्या काळात आशियाई प्रतिनिधी लॉस एंजेलिसमध्ये फिफाच्या अधिवेशनातून उठून बाहेर पडले होते. दुसरा प्रसंग आमच्या शेजारचा. सप्टेंबर 2016 मध्ये गोव्यात महासंघाचं विशेष अधिवेशन भरलं. फिफाच्या परिषदेवर आशियाचे सदस्य निवडायचे होते, त्यात एक जागा महिलेची होती. कतारचे एक अधिकारी, सौद अल मोहन्नदी, यांना फिफानं निवडणूक लढवू दिली नाही, म्हणून सदस्य देशांनी कार्यक्रमपत्रिकाच 42 विरुद्ध 1 मतांनी फेटाळली. फिफाचे अध्यक्ष समोर बसलेले असताना अर्ध्या तासाच्या आत अधिवेशन गुंडाळलं गेलं. एका पदाधिकाऱ्याच्या उमेदवारीसाठी 42 हात वर येऊ शकतात. मग त्यानंतर पाच वर्षांनी, त्याच किनाऱ्यावर थोडं वर, बारा आजारी मुलींसाठी एकही हात का वर आला नाही?

हकीम अल अरैबी ह्या खेळाडूचं प्रकरण मी टाळू शकत नाही. आपल्याच बहरीनचा हा फुटबॉलपटू ऑस्ट्रेलियात निर्वासित म्हणून राहत होता. नोव्हेंबर 2018 मध्ये लग्नानंतर बायकोबरोबर फिरायला गेला असताना बँकॉकच्या विमानतळावर त्याला बहरीनच्या मागणीवरून पकडलं. दोन महिन्यांहून जास्त काळ तो थायलंडच्या तुरुंगात होता. 2016 मध्ये त्यानं आपल्यावर जाहीर टीका केली होती, त्याचीच ही शिक्षा आहे, असं तो म्हणत होता. 2011 मध्ये बहरीनमधल्या सरकारविरोधी आंदोलनात उतरलेल्या खेळाडूंवरच्या कारवाईत आपला हात होता, हे आरोप आपण नेहमीच नाकारले आहेत. त्यावर निवाडा करणारी मी कोण? पण आपल्या खंडाचा एक खेळाडू पायात बेड्या घालून कोर्टात आणला जात होता आणि त्याच्या महासंघाचे अध्यक्ष एक शब्द बोलले नाहीत, हे जगानं पाहिलं. हितसंबंध आड येतात म्हणून आपण पश्चिम आशिया विभागाच्या कामातून दूर आहात, असं महासंघानं नंतर सांगितलं. थायलंडच्या पंतप्रधानांना पत्र गेलं ते वरिष्ठ उपाध्यक्ष प्रफुल्ल पटेल यांच्या नावानं, म्हणजे आमच्या गोंदियाच्या माणसाच्या. ते पत्र गेलं ह्याचं मला समाधान आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये हकीम सुटला. दोन महिन्यांनी आपण बिनविरोध निवडून आलात. ज्याच्या हितसंबंधांमुळं महासंघाचा अर्धा आवाज बंद राहतो, त्याच्याबद्दल एकाही सदस्याला प्रश्न पडू नये?

महिलांच्या जागांचं पाहू. 2017 मध्ये मनामा इथं फिफा परिषदेवरच्या महिला जागेसाठी ऑस्ट्रेलियाच्या मोया डॉड उभ्या होत्या. माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू, पेशानं वकील, फिफाच्या सुधारणांत महिलांचा मुद्दा लावून धरणाऱ्या. त्या 27-17 अशा हरल्या. हरणं-जिंकणं चालायचंच. 2019 ची गोष्ट मात्र गंभीर आहे. मालदीवच्या मरियम मोहम्मद यांनी त्या वर्षीच्या निवडणुकीविरुद्ध क्रीडा लवादाकडं दाद मागितली. जानेवारी 2021 मध्ये लवादानं सांगितलं की त्यांच्याशी स्त्री म्हणून भेदभाव झाला, आणि त्यांनी उमेदवारी मागं घ्यावी म्हणून बाहेरून गैरमार्गानं दबाव आणला गेला. निवडणूक रद्द झाली नाही, निकाल तसाच राहिला. एका छोट्या बेटांच्या देशातली बाई एकटी लढून हा निर्णय मिळवते, आणि त्यानंतर महासंघात कुणाचीही खुर्ची हलत नाही. मुलींना मी "मैदानात रेफ्रीचा निर्णय माना" असं शिकवते. लवादाचा निर्णय मोठ्यांनी कसा मानायचा असतो, ते आपण दाखवायला हवं होतं.

अफगाणिस्तानच्या मुलींचंही तेच. ऑगस्ट 2021 मध्ये तालिबान आलं आणि महिला संघ संपला. बऱ्याच जणी ऑस्ट्रेलियात आणि इतरत्र गेल्या, तिथं खेळत राहिल्या. त्यांच्या देशाच्या पुरुषांचा संघ आपल्या स्पर्धांत खेळतो, संघटना सदस्य आहे. मुलींना मात्र त्यांचीच संघटना मान्यता देत नाही म्हणून राष्ट्रीय संघ म्हणून उतरता आलं नाही. शेवटी 2025 मध्ये फिफानं त्यांचा निर्वासितांचा संघ उभा केला. हे काम आधी आपलं होतं. त्या आशियाच्या मुली आहेत.

यजमानपदाबद्दल थोडक्यात. 2011 पासून 2027 पर्यंतच्या पुरुषांच्या पाच आशियाई चषकांपैकी चार आखाती देशांत. ऑक्टोबर 2025 मध्ये 2026 च्या विश्वचषकासाठीची निर्णायक फेरी दोहा आणि जेद्दात झाली. यजमान कतार आणि सौदी अरेबिया, दोघांनाही दोन सामन्यांच्या मधे सहा दिवस मिळाले. इराक, अमिराती, ओमान, इंडोनेशियाला तीन. कतार आणि सौदी पात्र ठरले. दोन्ही संघ चांगले आहेत, कदाचित कुठंही जिंकले असते. पण इंडोनेशियातल्या पोराला हे कसं समजावणार?

ह्या सगळ्यावर कुणी म्हणेल, आधी स्वतःचं घर बघा. बघितलंय, म्हणूनच बोलते आहे. आमच्या भारतीय महासंघात प्रियरंजन दासमुन्शी वीस वर्षं अध्यक्ष होते. त्यांच्यानंतर प्रफुल्ल पटेल. आमच्या देशात क्रीडा संहितेनं बारा वर्षांची मर्यादा घातलेली होती. पटेल यांच्या तीन मुदती 2020 च्या अखेरीस संपल्या, तरी निवडणूक झाली नाही, ते पदावरच राहिले. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला प्रशासक समिती नेमावी लागली. मग ऑगस्टमध्ये बाहेरचा हस्तक्षेप झाला म्हणून फिफानं भारताला निलंबित केलं. तेव्हा गोकुलम केरळा क्लबच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या. सामान उघडलं आणि कळलं की खेळता येणार नाही. 26 ऑगस्टला बंदी उठली, पण त्यांची स्पर्धा गेली ती गेलीच. खुर्चीची मुदत संपली तेव्हा एका माणसानं उठायचं होतं. तो उठला नाही, त्याची किंमत तिथं बसून राहिलेल्या मुलींनी मोजली. आमच्याकडं मर्यादा कागदावर तरी होती, म्हणून न्यायालयात जाता आलं. आपण तर कागदच फाडलात.

आपल्या कारकिर्दीत चांगलं काही झालं नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. महिलांची चॅम्पियन्स लीग आपल्या काळात सुरू झाली. पुरुषांच्या स्पर्धांचा विस्तार झाला, त्यामुळंच सौदीचा अल हिलालसारखा संघ नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर आणि अल नस्र गोव्यात फातोर्ड्याला येऊन खेळला. आमच्या पोरांनी तो फुटबॉल प्रत्यक्ष पाहिला. आमचा पुरुष संघ फातोर्ड्यात सिंगापूरकडून हरून 2027 च्या चषकाबाहेर गेला, त्याचा दोष आमचा आहे, आपला नाही. जुलै 2025 मध्ये आमच्या मुलींनी चियांग माईत थायलंडला 2-1 हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली. 2022 मध्ये यजमान म्हणून मिळालेली जागा आजारपणात गेली होती, ही त्यांनी मैदानात खेळून मिळवली. संगीता बासफोरचे ते दोन गोल माझ्या मुलींना तोंडपाठ आहेत. चांगलं काम करणाऱ्याला मर्यादेची भीती असायचं कारण नाही. ज्यानं नीट माणसं घडवली, त्याच्यामागं काम थांबत नाही. आमच्या तालमीतला वस्तादही अंगात रग असतानाच आखाडा पुढच्याच्या हाती देतो.

तर माझ्या मागण्या अशा.

2027 च्या निवडणुकीआधी तीन मुदतींची मर्यादा घटनेत परत आणा, आणि आजवर पदावर घालवलेली वर्षं तिच्यात धरा. आजच्या पदाधिकाऱ्यांना वगळून पुढच्यांना लागू केलेली मर्यादा मला नको.

2022 च्या निर्णयाचा लेखी खुलासा भारत आणि इराणच्या त्या खेळाडूंना पाठवा आणि जाहीरही करा. साथीच्या आजारानं संघ अपुरा पडला तर सामना पुढं ढकलण्याचा प्रयत्न आधी झालाच पाहिजे, असा नियम लिहा, आणि तो लिहिताना खेळाडूंच्या प्रतिनिधींना बरोबर घ्या. इराणच्या मुलींची ती बरोबरी त्यांच्या नावावर परत नोंदवा. त्याला एक पैसा खर्च येत नाही.

मरियम मोहम्मद यांच्या प्रकरणातल्या निकालानंतर निवडणुकीच्या पद्धतीत काय बदललं, ते सांगा. काहीच बदललं नसेल तर बदला. महिलांच्या जागा कुणी भरायच्या, ह्यात महिला खेळाडूंना मत असू द्या.

अफगाण मुलींना आशियाई स्पर्धांत त्यांच्या देशाच्या नावानं खेळू द्या.

विश्वचषकाच्या पात्रतेची निर्णायक फेरी त्या फेरीत न खेळणाऱ्या देशात घ्या, आणि विश्रांतीचे दिवस सगळ्यांना सारखे ठेवा. महिला आणि पुरुषांच्या बक्षिसांतलं अंतर किती वर्षांत मिटवणार, त्याचं वेळापत्रक जाहीर करा. आणि सदस्य संघटनांना दिलेल्या विकासनिधीचा देशवार, कामवार हिशेब असा मांडा, की कोल्हापुरात बसून मला तो वाचता येईल.

शेवटची मागणी क्वालालंपूरला नाही, दिल्लीला आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या पदाधिकाऱ्यांनो, बँकॉकला आपण भारताच्या वतीनं बसला होता. मुदतीची मर्यादा काढायच्या ठरावावर भारतानं कोणत्या बाजूनं मत दिलं? कुणाला विचारून दिलं? 2027 च्या निवडणुकीत कोणत्या बाजूनं देणार? महाराष्ट्राचा फुटबॉल चालवणारी वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आणि गोवा फुटबॉल असोसिएशन, आपणही हे प्रश्न आपल्या सभेत मांडा आणि मिळालेलं उत्तर इतिवृत्तात नोंदवा. ते उत्तर आम्हाला मतदानाआधी हवं आहे.

आपली,
मुलींची एक फुटबॉल प्रशिक्षक,
कोल्हापूर